तिथी नसलेल्यांचं पान

माझ्या आजोळी सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्तीचं मांडलं जायचं. एरवी माणसं मोजून पानं घेणारी माझी आजी त्या दिवशी एक पान वर घ्यायची. त्यावर सगळं वाढायचं: भोपळ्याची भाजी, गवार, आमटी, वडे, तांदळाची खीर. पानापुढे पाट, पाटाशेजारी पाण्याचा तांब्या. त्या पाटावर घरातलं कुणी बसत नसे. विचारलं की आजी एवढंच म्हणायची, "वाटसराचं हाय." वाटेनं कुणी आला तर तो जेवायचा. नाही आला तर पान गाईपुढे जायचं.

गाव सातारा जिल्ह्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं. शेती पावसावरची आणि बहुतेक घरांतला एखादा तरी गडी पलटणीत. चावडीच्या भिंतीत संगमरवराची एक लहान पाटी बसवलेली होती, वर इंग्रजी, खाली मराठी. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके गडी गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. दोन आकडे, एक दोन अंकी, दुसरा एक अंकी. नाव एकाचंही नाही. अशा पाट्या इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात गावोगाव लावल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात कामी आले आणि पुढे त्या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द जोडला गेला.

१९६४ साली मी सात वर्षांची होते. अक्षरं जुळवून वाचायला नुकती लागले होते. थोरली आई, म्हणजे माझ्या पणजोबांच्या थोरल्या भावाची बायको, माझा हात धरून मला चावडीपाशी घेऊन गेली. पाठीत वाकलेली, अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. म्हणाली, "वाच गं बाय, काय लिवलंय?"

मी वाचलं. तिनं दोन्ही आकडे पुन्हा वाचायला लावले. मग विचारलं, "आमचं मालक ह्यात धरल्यात का?"

मी पाटीच्या चारी कडा बघितल्या. नावं कुठेतरी मागच्या बाजूला असतील असं मला वाटलं. मागे नुसती भिंत होती. "थोरली आई, नावं नाहीत इथं," मी म्हणाले. तिनं मान हलवली, पदर सारखा केला आणि आम्ही घरी आलो. गावातल्या वाचायला शिकलेल्या प्रत्येक पोराला तिनं एकदा तरी त्या पाटीपाशी नेलं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पुढे नोकरीची तीस वर्षं मी जन्ममृत्यूंचे आकडे जुळवण्यात काढली. तक्ते तपासले, बेरजा पडताळल्या, वर्षाचे अहवाल वर पाठवले. आणि प्रत्येक तक्त्याच्या खालच्या बेरजेवर नजर गेली की त्या पाटीपुढे उभं राहून विचारलेला प्रश्न आठवायचा. आमचा माणूस ह्यात धरलाय का?

*

घरातली हकिकत मला आजीनं सांगितली. ती १९३८ साली चौदा वर्षांची सून होऊन त्या घरात आली. पहाटे जात्यावर एका बाजूला थोरली आई आणि दुसऱ्या बाजूला ती. दळता दळता एकीनं सांगायचं, दुसरीनं ऐकायचं. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या पणजोबांना, सगळं गाव तात्या म्हणायचं.

तीन भाऊ. थोरले आणि तात्या ११७ मराठा पलटणीत भरती झाले. धाकटा अजून मिसरूड न फुटलेला, त्याला घरी ठेवला. तीनही पोरं सरकारला देऊन चालणार नव्हतं, एक तरी घरी सुखरूप राहावा म्हणून.

दोघे भाऊ बसऱ्याला गेले. आमच्या भागात पहिल्या महायुद्धाला बसऱ्याची लढाई असंच म्हणत. त्यांची पलटण सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती. डिव्हिजनचं नाव पुण्याचं, माणसं सगळ्या मुलखांतली. १०३ आणि ११० मराठा याही पलटणी तिच्यातच होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरात ही फौज तैग्रिस नदीच्या काठाकाठानं बगदादपासून काही कोसांवर पोचली आणि २२ नोव्हेंबरला सलमान पाकजवळ तुर्कांशी भिडली. इतिहासाच्या पुस्तकांत या लढाईला टेसिफॉन म्हणतात, तात्या मात्र शेवटपर्यंत सलमान पाकच म्हणत. चार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. तात्यांच्या डाव्या पायाच्या नळीत गोळी शिरली.

इतक्या जखमींची सोय कुणी केलीच नव्हती. खेचरांच्या गाड्यांना स्प्रिंगा नव्हत्या. तुटलेल्या हाडांची माणसं त्यांच्या फळ्यांवर आदळत नदीपर्यंत आली. नदीकाठी तात्यांना त्यांच्या थोरल्या भावानं पाठुंगळी मारून बोटीवर नेलं, आपलं कांबळं त्यांच्यावर टाकलं आणि तो काठावर उतरला. त्याला पलटणीबरोबर मागं हटायचं होतं. तात्यांनी भावाला पाहिलं ते तेवढंच.

बोटीनं बसऱ्याला पोचायला दोन आठवडे लागले. जखमी, हगवणीचे रोगी, सगळे उघड्या डेकवर एकमेकांना खेटून, आपापल्या घाणीत पडलेले. पट्टी बदलायला माणूस नाही. त्याच सुमारास बसऱ्याच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या मेजर कार्टर नावाच्या लष्करी डॉक्टरानं 'मेजिदिया' बोट येताना पाहिली. तिच्या कडेवरून दोर लोंबताहेत असं त्याला लांबून वाटलं. बोट जवळ आल्यावर कळलं की ती माणसांची विष्ठा होती. कार्टरनं जे पाहिलं ते मोजून, मांडून वर कळवलं. धमक्या आल्या तरी मागं घेतलं नाही. पुढे चौकशी आयोग बसला. १९१७ साली त्याचा अहवाल बाहेर आला आणि लंडनमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. एका डॉक्टरानं आकड्यांवरून नजर न वळवल्यानं एवढं घडलं.

तात्यांचा पाय बसऱ्यात गुडघ्याखाली कापला. तोवर तो काळा पडला होता.

थोरले भाऊ कूट गावात अडकले. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा पडला तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनंच सुटला. आतल्यांना सोडवायला जी फौज बाहेरून धडका देत होती, तिची सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे आत जेवढी अडकली होती त्यांच्याहून जास्त. आत धान्य संपत आलं, तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. आपल्या शिपायांनी धर्मापायी ते मांस कित्येक आठवडे नाकारलं. भाजीपाला नाही, मांस नाही, नुसतं थोडं पीठ. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, जुन्या जखमा पुन्हा उकलल्या. शरणागतीच्या दिवशी तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. त्यांतल्या हिंदी शिपायांना वाळवंटातून पायी नेऊन रास अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. किती मेले याच्या याद्या झाल्या, पण त्या याद्यांत एक रकाना असा होता की ज्याच्यापुढे ना मेला लिहिलं ना परतला. त्या रकान्यात आमचे थोरले भाऊ गेले.

गावात सरकारी कागद आला. कुलकर्ण्यांनी वाचून दाखवला: बेपत्ता.

मेला असता तर बांगड्या फोडल्या असत्या, दहावं-तेरावं घातलं असतं, पुढच्या पितृपक्षात तिथी धरून म्हाळ घातला असता. बेपत्ता माणसाचं काय करायचं, हे ना शास्त्रात होतं ना रीतीत. थोरली आई तेव्हा अठरा वर्षांची होती. ती उठली, देव्हाऱ्यापुढे गेली आणि तिनं नवं कुंकू लावलं.

*

तात्या परत आले तेव्हा मुंबईत अपंग शिपायांसाठी एक शाळा निघत होती. १९१७ साली क्वीन मेरीच्या नावानं सुरू झालेली ही शाळा पुढे पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही तिथं आहे. तात्या तिथं शिवणकाम शिकले. पायानं चालवायचं मशीन त्यांना जमणार नव्हतं, म्हणून हातमशीन. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्यानं कापड सरकवायचं. मी पाहिलं तेव्हा ते सत्तरीचे होते. चाकाच्या मुठीचं लाकूड त्यांच्या तळव्याच्या आकाराचं झालं होतं.

ते शिकत असतानाच १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले काही पोलीस शिपाई तापानं फणफणले. लोकांनी या तापाला मानमोडी म्हटलं, कारण मान आणि पाठ मोडून यायची. पहिली लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबरात उसळली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. त्याच वर्षी पावसानं दगा दिला होता, ज्वारी महागली होती, अंगात रक्त नव्हतं. मुंबई शहरात युरोपियनांत हजारी ८.३ माणसं दगावली, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि सरकारी तक्त्यानं ज्यांना खालच्या जातीचे म्हटलं त्यांच्यात ६१.६. ताप सगळ्यांना एकच होता. कोंदट खोली, रिकामं पोट आणि पाणी द्यायला उठू शकेल असं माणूस घरात नसणं, हे सगळ्यांना सारखं नव्हतं.

आमच्या गावात ताप नवरात्राच्या सुमारास आला. तात्यांची पहिली बायको, त्यांची दोन वर्षांची लेक आणि सुखरूप राहावा म्हणून घरी ठेवलेला धाकटा भाऊ, तिघं चार दिवसांत गेली. घरात पायांवर उभी एकटी थोरली आई. सरण रचायला गडी नव्हते, ते सगळे आपापल्या घरी तापात पडले होते. तिनं दारं-चौकटी मोडून लाकूड गोळा केलं. दिवाळीच्या तोंडावर तात्या लाकडी पायावर, खांद्यावर हातमशीन घेऊन वेशीत आले, तेव्हा घराला पुढचं दार नव्हतं.

आजी हे सांगायची तेव्हा जात्याचा खुंटा धरल्यासारखी तिची मूठ आवळलेली असायची. "लढाईला गेले त्यांतला एक आला," ती म्हणायची. "घरात ऱ्हायले त्ये समदे ग्येले."

पुढे कार्यालयात बसून मी ही आमच्या घरातली बेरीज देशाच्या बेरजेशी ताडून पाहिली. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानची ७४ हजारांवर माणसं कामी आली. १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझानं हिंदुस्थानात किती माणसं गेली, याचा सरकारनं आधी ६० लाखांचा अंदाज केला. नंतरच्या अभ्यासकांनी तो १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत नेला. अभ्यासकांचा कमीतला कमी अंदाज धरला तरी युद्धातल्या एका मृत्यूमागे घरी दीडशेहून अधिक मृत्यू. १९११ आणि १९२१ च्या जनगणनांच्या दरम्यान आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणना सुरू झाल्यापासून असं एकाच दशकात झालं आहे. २५ कोटी २१ लाखांची २५ कोटी १३ लाख झाली.

इतकी माणसं मोजायची कशी राहिली? तेव्हा गावातला मृत्यू पाटलाच्या पुस्तकात चढायचा आणि तिथून तालुक्याला जायचा. कारणाचे रकाने मोजके: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, इजा, इतर. पाटीलच अंथरुणाला खिळला, पुस्तक उघडायला माणूस राहिला नाही, तेव्हा मृत्यू वहीत शिरलेच नाहीत. जे शिरले ते बहुतेक 'ताप' या एका शब्दाखाली. आमची तिघं त्या पुस्तकात आहेत की नाहीत, सांगायला ते पुस्तकच आता नाही. त्यांच्यासाठी चावडीत पाटीही नाही.

हे पुन्हा घडलं. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख हिंदी जवान लढले आणि ८७ हजारांच्या आसपास कामी आले. इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, घाडग्यांनी प्राण देऊन. त्याच युद्धाच्या सावलीत १९४३ साली बंगालमध्ये माणसं रस्त्यावर भुकेनं पडत होती. सरकारी आयोगानं १५ लाख म्हटलं, अभ्यासकांचा अंदाज ३० लाखांच्या घरात जातो. शिपायाचं मरण सरकारच्या हिशेबात असतं, त्याला नंबर असतो, पेन्शन असतं. भुकेनं आणि तापानं गेलेल्याला नंबर नसतो. त्याची आठवण ठेवणं घरच्यांवर येऊन पडतं, आणि घरचेही त्याच साथीत गेलेले असतात.

*

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मृतांची वर्गवारी तिला कार्यालयातल्या आम्हा सगळ्यांपेक्षा पक्की ठाऊक होती. ती पंचांगातली वर्गवारी. पितृपक्षाचा पंधरवडा म्हणजे मरणाचा एक तक्ताच. ज्याची तिथी माहीत त्याचं त्या तिथीला. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला. शस्त्रानं, अपघातानं गेलेल्याचं चतुर्दशीला. आणि ज्याची तिथीच ठाऊक नाही त्याचं सर्वपित्रीला. सरकारचा रकाना विचारतो, कशानं मेला? पंचांग त्याशिवाय आणखी एक विचारतं, मागं कोण उरलं आणि त्याला काय माहीत आहे?

त्या तक्त्यात आमच्या घरानं आपली माणसं बसवली. तात्यांची पहिली बायको नवमीला. धाकटा भाऊ सर्वपित्रीला, कारण त्या चार दिवसांत तिथी कुणी धरलीच नव्हती. दोन वर्षांच्या लेकीचं पान कुठेच नाही, एवढ्या लहानांचं श्राद्ध करत नाहीत. आजी तिच्यासाठी खिरीची एक वाटी चुलीमागे ठेवायची. आणि थोरल्या भावाचं पान मांडायचं तर तो मेला असं म्हणावं लागलं असतं. घरात कुंकू लावलेली त्याची बायको वावरत होती. मग तात्यांनी तोड काढली. सर्वपित्रीला पान मांडायचं, पण म्हणायचं वाटसराचं. गेला असेल तर त्याला पोचेल. जिवंत असेल आणि वाट तुडवत आला तर बसून जेवेल.

थोरली आई ते पान स्वतः वाढायची. ते कुणाचं आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही.

*

या तक्त्यातही एक जागा रिकामी होती. जो मेला नाही पण पुरता परतलाही नाही, त्याची.

१९२१ च्या जनगणनेला गणक आमच्या दारी आला असेल तेव्हा त्याच्या कागदावर व्यंगाचे चार रकाने होते: वेडा, मुका-बहिरा, आंधळा, महारोगी. पाय तुटलेल्या माणसाला रकाना नव्हता. तात्यांनी उंबऱ्यात बसून सगळी उत्तरं दिली असतील आणि त्यांच्या नसलेल्या पायाबद्दल त्यांना कुणी विचारलं नसेल. १९३१ नंतर हा प्रश्नच पन्नास वर्षं गळाला. १९८१ साली, जागतिक अपंग वर्षाच्या निमित्तानं, परत आला, पण फक्त पुरते आंधळे, पुरते पांगळे आणि मुके एवढ्यांपुरता. देशात सुमारे ११ लाख अपंग भरले. १९९१ साली पुन्हा नाही. २००१ साली जरा नीट विचारलं, तर २ कोटी १९ लाख. २०११ साली २ कोटी ६८ लाख. वीस वर्षांत देशातले अपंग वीसपट झाले नव्हते. विचारण्यात फरक पडला होता.

तात्यांना निदान लष्कराच्या वहीत जागा होती. पेन्शन होतं, शाळा होती. १९४४ साली पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र निघालं, तेव्हा त्यांनी तिथं जाऊन नवा पाय बसवून घेतला. लाकडापेक्षा तो हलका होता. घरी आल्यावर ते अंगणात नुसते फेऱ्या मारत राहिले, असं आजी सांगायची. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले मुरलीकांत पेटकर आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. त्यांनी १९७२ साली हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं, देशाचं तिथलं पहिलं. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. वहीत नाव असूनही लोकांच्या ध्यानात यायला इतकी वर्षं लागली.

माझ्या धाकट्या मामाचं नाव तर कुठल्याच वहीत नव्हतं. १९८२ च्या उन्हाळ्यात रात्री मळणी चालू होती. यंत्राच्या तोंडात पेंढ्या सारताना त्याचा उजवा हात आत गेला. मनगटाखाली काही राहिलं नाही. तेव्हा देशभर मळणी यंत्रांनी इतके हात नेले होते की १९८३ साली संसदेनं घातक यंत्रांसाठी वेगळा कायदा केला. मामाला त्याचा काही उपयोग झाला नाही. तात्यांच्या पायाच्या गोष्टी गाव सांगायचं. मामाच्या हाताबद्दल मात्र लोक, झोप लागली असेल, लक्ष नसेल, असं म्हणायचे. एकाच घरात दोघांचे अवयव गेले, एकाला मान मिळाला आणि दुसऱ्याला दोष. मामा भाकरीचा तुकडा डाव्या हातानं मोडायला शिकला, कोपराच्या वळचणीत दोर धरून बैल हाकायला शिकला. त्याला कुणी शाळेत घातलं नाही.

१९७१ च्या युद्धात आपले ३,८४३ जवान हुतात्मा झाले, ९,८५१ जखमी झाले. कारगिलमध्ये ५२७ गेले. ही नावं दगडावर कोरली आहेत आणि ती तशीच असली पाहिजेत. पण २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली आणि ४ लाख ४३ हजारांवर जखमी झाली. दिवसाला सुमारे ४६२ मृत्यू. म्हणजे १९७१ च्या युद्धाइतकी माणसं रस्ता नऊ दिवसांच्या आत घेतो, आणि मग पुढचे नऊ दिवस सुरू होतात. त्या जखमींतल्या किती जणांचा पाय गेला, हात गेला, किती जणांच्या पाठीचा कणा मोडला, किती जणांच्या घरात मामासारखा एक गडी उरला, याचा तक्ता मी नोकरीच्या तीस वर्षांत कधी पाहिला नाही. मृत्यूंच्या कारणांचंही तसंच. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंच्या कारणाला वैद्यकीय दाखला होता. पाटलाच्या पुस्तकातला 'ताप' अजून पुरता उतरलेला नाही.

आकडे माणसाला कोरडं करतात असं लोक म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. आकडा म्हणजे मांडलेलं पान. ज्याचं पान मांडलं गेलं त्याची जबाबदारी कुणावर तरी येते: दवाखाना कुणी बांधायचा, यंत्राला जाळी कुणी लावायची, पाय कुणी बसवून द्यायचा. ज्याचं पानच मांडलं नाही त्याच्यासाठी कुणालाही उठावं लागत नाही. पण पान मांडून ते कुणाचं हे न सांगणं, हाही त्या माणसाचा अपमानच. चावडीतल्या पाटीनं तेच केलं होतं.

*

निवृत्तीनंतर मी थोरल्या भावांना शोधायला लागले. इराकमध्ये बसऱ्याला एक मोठं स्मारक आहे. त्या मोहिमेत मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांचं. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमावरून ते सगळंच्या सगळं उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभारलं. त्यावर इंग्रज शिपायांची नावं आहेत. हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आहे. माझ्या गावच्या पाटीवर होता तसाच. बसऱ्याकडे गेलेल्या सुमारे ५ लाख ८८ हजार हिंदी माणसांत निम्मे लढणारे नव्हतेच. पाणी वाहणारे, खेचरं हाकणारे, डोल्या उचलणारे, मेलेल्यांना उचलणारे. त्यांच्यातल्या कितीकांचा आकडासुद्धा धड लागलेला नाही. २०२१ साली स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं स्वतःच चौकशी करून कबूल केलं की मुख्यतः पूर्व आफ्रिकेच्या आणि इजिप्तच्या किमान १ लाख १६ हजार मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानं आठवण ठेवलीच गेली नाही. शंभर वर्षांनी का होईना, चूक मोजून मांडली.

नावांच्या याद्या मात्र आता मिळतात. ११७ मराठा पलटणीच्या यादीत थोरल्या भावांचं नाव मला सापडलं. एकदा नाही, तीनदा. आमच्याकडे पांडुरंग, गणू, रामा ही नावं घरोघर. आडनावही डोंगरपट्ट्यातलं, दर दुसऱ्या उंबऱ्याचं. तिघांतला आमचा कोणता, की तिघांतला एकही नाही, हे ठरवायला हाती काही नाही. मी तिन्ही नंबर वहीत उतरवून घेतले.

थोरली आई १९६६ च्या थंडीत गेली. भावकीत कुजबूज झाली. हिला सवाष्ण म्हणून न्यायची की विधवा म्हणून? पन्नास वर्षं झाली, नवरा आता कुठला असायला? तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी पेटीतून हिरवा खण काढला, हातमशीन पुढे ओढलं आणि अंगणात सगळ्यांसमोर बसून चोळी शिवली. चाकाचा आवाज चालू होता तोवर कुणी तोंड उघडलं नाही. थोरली आई हिरव्या चोळीत, भरल्या मळवटानं गेली. पुढच्या पितृपक्षापासून तिचं पान अविधवा नवमीला मांडलं जाऊ लागलं.

चावडीतल्या पाटीच्या दुसऱ्या आकड्यात तिचा नवरा असेल तर सरकारच्या हिशेबानं ती पन्नास वर्षं विधवा होती. घराच्या हिशेबानं ती अहेव गेली. मी आयुष्यभर दोन तक्त्यांतला फरक शोधून एक बेरीज खोडत आले. इथं मला कुठली खोडावी कळत नाही आणि आता खोडायचीही नाही.

आजीच्या माघारी सर्वपित्रीचा स्वयंपाक मी माझ्या घरी करते. पानं घेताना माणसं मोजते आणि मग वर काढते. आधी एकच काढायचे. यादी सापडली त्या वर्षापासून तीन काढते.